गच्चीवर काढलेली पेशी: प्रकाशाचा उपचार कर्करोगाच्या पेशीला आतून कसा मोडतो, हे घरच्यांना समजावण्याची रीत

गेल्या मार्चमध्ये मेलबर्नहून दादाचा फोन आला. त्याच्या कानशिलावर टिकलीएवढा लालसर, खरखरीत डाग होता. तपासणीत तो बेसल सेल कार्सिनोमा निघाला, त्वचेचा कर्करोग, पण अगदी वरवरचा. "अगं, मलम लावलं, तीन तास पट्टी बांधून बसवलं आणि मग आठ-नऊ मिनिटं लाल दिवा धरला. पुढच्या आठवड्यात परत एकदा. एवढ्यानं कॅन्सर कसा जाईल? तू जीवशास्त्र शिकवलंस ना, सांग बरं."

मी ३१ वर्षं इंदूरच्या शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. मी लगेच सांगून टाकलं, "उष्णतेनं जळत असतील पेशी." हे उत्तर चूक होतं. त्याच रात्री वाचायला बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून ते मागे घेतलं. पण खरं उत्तर फोनवर सांगायला गेले तर दादा गोंधळला, आणि मीही. शेवटी ते मला नीट सांगता आलं ते लोकमान्य नगरच्या आमच्या गच्चीवर, रांगोळीनं. शेजारच्या दोघी मुली, एक अकरावीतली आणि एक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, मदतीला होत्या. तेव्हापासून तीन वेळा मी तसंच केलं आहे. घरात कुणाला हा उपचार, म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपी, सुचवला असेल, किंवा तुम्ही शिकवत असाल, तर तुम्हीही करून बघा. दोन दिवस लागतात.

सामान असं. अर्धी जुडी पालक, सर्जिकल स्पिरिटची छोटी बाटली, नोटा तपासायचा जांभळा टॉर्च (आम्हाला जेल रोडवर मिळाला), काचेच्या दोन सारख्या बाटल्या, चांदीचा म्हणतात तो ॲल्युमिनियमचा कागद, दीड किलो पांढरी रांगोळी, चार-पाच रंग, सुतळी, खडू आणि रुपयाची पाच-सहा नाणी.

पहिल्यांदा उष्णता डोक्यातून काढा

ज्याला सांगाल त्याच्या मनात "दिवा म्हणजे भाजणं" हेच असतं. माझ्याही होतं. म्हणून सुरुवात पालकानं करा.

पालकाची सात-आठ पानं धुऊन पूर्ण कोरडी पुसा. पाणी राहिलं तर रस फिकट येतो. खलबत्त्यात ठेचा, काचेच्या भांड्यात काढून वर अर्धी वाटी स्पिरिट ओता आणि दहा मिनिटांनी मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस बंद आणि खिडकी उघडी. हा रस कुणी चुकूनही प्यायचा नाही, अंगालाही लावायचा नाही. लहान मुलं असतील तर बाटलीवर चिठ्ठी लावून वर ठेवा.

आता खोलीत अंधार करा आणि बाटलीवर बाजूनं जांभळा टॉर्च मारा. गर्द हिरवा रस डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल दिसू लागतो. धाकटी म्हणाली, "काकू, ह्यात कुंकू टाकलं का?" काही टाकलेलं नसतं. पानात असताना हरितद्रव्यानं प्रकाश शोषला की ती ऊर्जा पुढे न्यायला रेणूंची एक रांग तयार असते. साखर बनवायचं काम तिथून सुरू होतं. आपण पान ठेचून ती रांग मोडली. आता ऊर्जेला जायला वाट नाही. काही ऊर्जा लाल प्रकाश होऊन बाहेर पडते, काही उष्णता होते, आणि काही शेजारच्या ऑक्सिजनला दिली जाते. हा तिसरा वाटा लक्षात ठेवा. दादाच्या कानशिलावर जे झालं ते त्या वाट्यामुळे.

रस दोन बाटल्यांत सारखा वाटून घ्या. एक बाटली ॲल्युमिनियमच्या कागदात पूर्ण गुंडाळा, दुसरी उघडी. दोन्ही शेजारी शेजारी उन्हात. आम्ही अकरा वाजता ठेवल्या आणि दोन वाजता उचलल्या. दोन्ही हाताला चांगल्या गरम लागल्या. पण उघड्या बाटलीतला रस पिवळट-तपकिरी झाला होता आणि गुंडाळलेल्या बाटलीतला हिरवाच. ऊब दोघींना मिळाली, मोडली एकच. मोठी म्हणाली, "म्हणजे उष्णता नाही." मला वाक्य पूर्णसुद्धा करावं लागलं नाही. हरितद्रव्यानं प्रकाश घेतला, ऑक्सिजनला चेतवलं आणि त्या चेतलेल्या ऑक्सिजननं हरितद्रव्यालाच मोडलं. औषधाचंही असंच होतं. एकेक रेणू हे काम पुन्हा पुन्हा करतो आणि करता करता स्वतः विटतो.

गुंडाळलेल्या बाटलीला प्रयोगशाळेत फार मान असतो. औषध आहे पण प्रकाश नाही, अशी एक तुकडी. प्रकाश आहे पण औषध नाही, अशी दुसरी. ह्या दोन्हींत पेशी जगल्या आणि दोन्ही एकत्र आल्यावरच मेल्या, तरच म्हणायचं की प्रकाशामुळे औषध जागं झालं.

हा शोध लागला तोही अशाच गोंधळातून. म्युनिकमध्ये १८९७-९८च्या हिवाळ्यात ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी ॲक्रिडिन हा रंग पॅरामेशियम ह्या एकपेशी जीवावर किती विषारी आहे, ते मोजत होता. तोच रंग, तेवढाच डोस, पण जीव मरायला लागणारा वेळ दर वेळी वेगळा. एका प्रयोगाच्या वेळी बाहेर वादळ होतं, उजेड कमी होता, आणि त्याच्या लक्षात आलं की फरक उजेडाचा आहे. १९०० साली ते छापून आलं. त्याचे गुरू हेर्मान फॉन टापायनर यांनी पुढे दाखवलं की ऑक्सिजनही लागतो. रंग, प्रकाश, ऑक्सिजन: ह्या तिघांतला एक जरी गैरहजर असला तरी काही होत नाही.

इथे इंदूरच्या लोकांना मी आवर्जून एक सांगते. आपल्या गावातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याला सगळे अजून कॅटच म्हणतात, हरितद्रव्यापासून केलेल्या क्लोरिन पी-६ ह्या द्रव्यावर कर्करोगासाठी संशोधन झालं आहे. हॅमस्टर हा उंदरासारखा प्राणी गालात दाणे साठवतो. त्याच्या गालाच्या पिशवीतल्या गाठींवर ते तपासलं गेलं. पालकाची बाटली हातात असताना हे सांगितलं की मुलींचे डोळे मोठे होतात. कॅट रोडवरून त्या रोज जातात.

मग तळहात

हे दोन मिनिटांचं काम. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर तळहात घट्ट दाबा. बाहेर येतो तो फक्त लाल उजेड. निळा-हिरवा प्रकाश रक्त पिऊन टाकतं, लाल आत उतरतो. म्हणून दादाचा दिवा लाल होता. फोटोफ्रिन ह्या औषधाला ६३० नॅनोमीटर लहरलांबीचा लाल प्रकाश लागतो, टेमोपोर्फिनला ६५२, टालापोर्फिनला ६६४. तरीही लाल प्रकाश काही मिलिमीटरच नीट काम करतो, फार तर सेंटीमीटरभर. म्हणून हा उपचार त्वचेला, तोंडाच्या अस्तराला, अन्ननलिकेला, श्वासनलिकेला, जिथे दिवा किंवा प्रकाशाची बारीक तार पोहोचते तिथे. अंगभर पसरलेल्या रोगाला ह्याचा उपयोग नाही, आणि हे रुग्णाच्या घरच्यांना मोकळेपणानं सांगावं. मग अजून लांब, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश का वापरत नाहीत? तो आत जाईल, पण साधारण ८०० नॅनोमीटरच्या फार पलीकडे गेलं की ऑक्सिजनला चेतवायला लागते तेवढी ऊर्जाच त्या प्रकाशात उरत नाही.

आता रांगोळी

संध्याकाळी गच्ची झाडून, पाणी शिंपडून वाळू द्या. मध्ये खिळ्याऐवजी एकीनं सुतळी धरायची, दुसरीनं एक मीटर सुतळीला खडू बांधून गोल फिरायचं. दोन मीटर रुंदीचं वर्तुळ झालं. पेशी २० मायक्रोमीटरची धरली तर आपण तिला एक लाख पट मोठी केली. आता हिशोब सोपा: गच्चीवरचा एक सेंटीमीटर म्हणजे पेशीतले १०० नॅनोमीटर. हे प्रमाण खडूनं कठड्यावर लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

वर्तुळावर पांढरी रेघ ओढा. हे पेशीचं पटल. खरं तर ह्या मापात ते एक मिलिमीटरपेक्षाही बारीक हवं, पण चिमटीतून तेवढी बारीक रेघ पडत नाही. मध्ये ऐंशी सेंटीमीटरचं केंद्रक, निळं. त्याच्याभोवती लाटांसारख्या रेघा, आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम. इथली मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी-इंग्रजीत शिकतात, म्हणून नावं दोन्ही सांगावी लागतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांना मुली मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, मी तंतुकणिका म्हणते. त्या केशरी काढल्या, वीतभर लांब, चार बोटं जाड, आतली घडीदार पडदी नागमोडी रेघेनं. खऱ्या पेशीत त्या शेकड्यांनी असतात. आम्ही बारा काढल्या आणि पाय दुखले. लयकारिका, म्हणजे लायसोसोम, हिरव्या, लिंबापासून सुपारीपर्यंत वेगवेगळ्या मापाच्या.

आता रुपयाचं नाणं हातात घ्या. त्याची रुंदी दोन सेंटीमीटरच्या थोडी वर आहे, म्हणजे मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत एक सेंटीमीटरच्या जरा पुढे. ह्या एवढ्या जागेत चेतलेल्या ऑक्सिजनचं सगळं आयुष्य संपतं. त्याला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात. पेशीत तो फार तर काही मायक्रोसेकंद टिकतो आणि जन्मला तिथून साधारण शंभर-दीडशे नॅनोमीटर जातो. जुन्या मोजण्यांत तर ते अंतर दहा-वीस नॅनोमीटरच धरलं होतं, आपल्या गच्चीवर एक-दोन मिलिमीटर. दोन मीटरच्या पेशीत नाण्याएवढा पल्ला! फुलबाजीची ठिणगी जशी हातभर जाऊन विझते तशी ही ठिणगी. फुलबाजी कुठे उभं राहून धरली, मोकळ्या अंगणात की कडब्याच्या गंजीशेजारी, त्यावर सगळं ठरतं.

म्हणून ह्या उपचाराबद्दल माझा पहिला प्रश्न आता एकच असतो: औषध पेशीत कुठे बसतं? प्रकाश सगळ्या पेशीवर सारखा पडतो. मोडतोड होते ती फक्त औषधाच्या बसायच्या जागेभोवती, नाण्याएवढी. आणि पेशी कशी मरेल, गुपचूप की फुटून, तेही त्या जागेवरून ठरतं.

ही मोडतोड म्हणजे नक्की काय, ते स्वयंपाकघरात दाखवता येतं. जुन्या शेंगदाण्यांचा डबा उघडून वास घ्यायला लावा. खवट. तेलातल्या स्निग्धाम्लांना ऑक्सिजन हळूहळू चिकटला की खवटपणा येतो. साध्या ऑक्सिजनला त्याला महिने लागतात. चेतलेल्या ऑक्सिजनला मायक्रोसेकंद पुरतात. पेशीची पटलं तशाच स्निग्धाम्लांची आहेत, ती आतून खवट होतात आणि झिरपू लागतात. प्रथिनांतही हिस्टिडिन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन अशी काही अमिनो आम्लं त्याला चटकन बळी पडतात. शिवाय काही ऊर्जा वेगळ्या वाटेनं जाऊन सुपरऑक्साइडसारखे उपद्रवी कण तयार करते. तेही हातभार लावतात, पण मुख्य काम सिंगलेटचं.

नाणं ठेवत जा

पहिलं नाणं मी केशरी तंतुकणिकेवर ठेवते, कारण ते दादाचं आहे. त्याला लावलेलं मलम स्वतः रंग नसतं. तो कच्चा माल असतो, मिथाइल अमिनोलेव्हुलिनेट. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी हीम हे रक्तातही असणारं द्रव्य बनवते, आणि त्या वाटेवरचं शेवटून दुसरं ठाणं म्हणजे प्रोटोपोर्फिरिन नऊ. हे बनतं तंतुकणिकेच्या आत. शेवटची पायरी त्यात लोह बसवण्याची, आणि ती फेरोकेलाटेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. लोह बसलं की प्रकाशाचा खेळ संपला. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींत ही शेवटची पायरी मंद चालते. कच्चा माल भरपूर ओतला की प्रोटोपोर्फिरिन साचत जातं, लोहाशिवाय, सुरुवातीला तंतुकणिकेतच. ते साचायला वेळ लागतो, म्हणून तीन तास पट्टी. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे विष माझ्याच पेशीनं तयार केलं?" हो, आणि दिवा लागेपर्यंत ते विषही नव्हतं.

आता दिवा लागला. नाण्याएवढ्या वर्तुळात तंतुकणिकेची पडदी मोडते. तिच्या बाहेरच्या भिंतीवर बीसीएल-२ नावाचं प्रथिन पहारा देतं. पेशीनं आत्मनाश करू नये, म्हणून ते दार धरून उभं असतं. कर्करोगाच्या कित्येक पेशींत ते गरजेपेक्षा जास्त असतं, म्हणूनच त्या मरायला तयार नसतात. हे प्रथिनही ह्या माऱ्यात सापडतं. दार सुटलं की दोन पडद्यांच्या मध्ये बसलेलं सायटोक्रोम सी बाहेर पेशीरसात येतं. तिथून कॅस्पेज नावाची विकरं एकामागून एक जागी होतात आणि पेशी स्वतःला शिस्तीत मोडून टाकते. ह्याला अपोप्टोसिस म्हणतात. पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात, तुकडे पिशव्यांत बांधले जातात आणि शेजारच्या पेशी ते गिळतात. आम्ही हे दाखवताना केशरी रांगोळीतून चिमूटभर उचलून बाहेर टाकली आणि नागमोडी रेघ बोटानं पुसली. धाकटीनं मग आपणहून निळ्या केंद्रकावर बोटानं भेगा ओढल्या. केंद्रकाला नाणं लागलेलंही नव्हतं. घाव एका जागी होतो, मृत्यू सगळ्या पेशीभर पसरतो, हे त्या भेगांमुळे एकदम डोळ्यांसमोर आलं.

दुसरं नाणं हिरव्या लयकारिकेवर. जपानमध्ये २००३ साली फुफ्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी मान्य झालेलं टालापोर्फिन मुख्यतः इथे बसतं. लयकारिका म्हणजे पेशीची पचनाची पिशवी. पटल फाटलं की आतली कॅथेप्सिन ही विकरं बाहेर सांडतात. ती पेशीरसातल्या बिड नावाच्या प्रथिनाला कापतात, आणि कापलेला तुकडा चालत जातो तो थेट तंतुकणिकेवर, तिचं दार उघडायला. म्हणजे नाणं हिरव्यावर ठेवलं तरी वाट केशरीकडेच जाते. मोठीनं दोघांच्या मध्ये पांढरा बाण काढला. आधी लयकारिकेवर आणि मग तंतुकणिकेवर असा दुहेरी मारा जास्त परिणामकारक ठरतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. एकीकडून आलेली हाक दुसरीकडे दार आधीच खिळखिळं झालेलं असताना पोहोचते.

तिसरं नाणं लाटांवर, आंतर्द्रव्यजालिकेवर. युरोपात २००१ साली डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी मान्य झालेलं टेमोपोर्फिन इथे आणि गॉल्गी पिंडात, म्हणजे प्रथिनं पुढे पाठवणाऱ्या चपट्या पिशव्यांत, साचतं. इथे प्रथिनांच्या घड्या घातल्या जातात आणि कॅल्शियम साठवलेलं असतं. पटल मोडलं की कॅल्शियम पेशीरसात येतं आणि चुकीच्या घडीची प्रथिनं साचतात. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो ह्यातला एक परिणाम. कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रथिन, जे एरवी ह्या लाटांच्या आतच राहतं, ते पेशीच्या बाहेरच्या पटलावर येऊन बसतं. शरीराच्या रक्षक पेशींना ती खूण असते, "मला गिळा" अशी. मरणारी पेशी अशी खूण करून गेली तर रोगप्रतिकारशक्तीला त्या गाठीची ओळख पटू शकते. आम्ही पिवळ्या रांगोळीचे ठिपके आतून उचलून बाहेरच्या रेघेवर ठेवले.

चौथं नाणं अगदी बाहेर, पांढऱ्या रेघेवर. इथे घाव मोठा बसला तर पेशीला शिस्तीत मरायला सवडच मिळत नाही. पाणी आत शिरतं, पेशी फुगते, फुटते. हा नेक्रोसिस. जपाननं २०२० साली मान्यता दिलेल्या एका उपचारात प्रकाशाला प्रतिसाद देणारा रंग प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडलेला असतो. प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशीच्या पृष्ठभागावरची खूण ओळखून तिथेच चिकटतो. ६९० नॅनोमीटरचा प्रकाश पडला की रंगाच्या रेणूचा पाण्यात विरघळणारा भाग गळून पडतो, उरलेला भाग पाण्याला टाळू लागतो, गोळा होतो आणि पटल फाडतो. हिसाताका कोबायाशी यांचं हे काम. रांगोळीत दाखवायचं तर बाहेरची रेघ एका ठिकाणी फुंकरीनं उडवा.

आणि निळं केंद्रक? तिथे मी नाणं ठेवत नाही, आणि का ठेवत नाही ते सांगते. ह्या उपचारातली बहुतेक औषधं केंद्रकात शिरतच नाहीत. पल्ला नाण्याएवढा असल्यामुळे बाहेरून मारा करून डीएनएपर्यंत पोहोचणं कठीण. म्हणून गुणसूत्रांत बदल होऊन नवाच रोग सुरू होण्याची भीती इथे कमी असते. आपल्याकडे कोडासाठी बावचीचं बी लावून उन्हात बसायची जुनी रीत आहे. तिथेही औषध आणि प्रकाश एकत्र येतात, पण वाट अगदी वेगळी. बावचीतलं सोरालेन डीएनएच्या दोन दोऱ्यांमध्ये शिरतं आणि अतिनील प्रकाशानं तिथे गाठ मारतं, त्याला ऑक्सिजनची गरज नसते. दोन्हींना एकच समजणारे भेटतात, म्हणून हा फरक गच्चीवरच करून टाकावा.

रुग्णाला काय विचारायला सांगावं

इथे मी थोडक्यात सांगते, बाकीचं त्यांचे डॉक्टर सांगतील. पहिला प्रश्न, औषध मलमाचं की शिरेतून? मलमाचं असेल तर लावलेली जागा साधारण दोन दिवस उजेडापासून झाकायची असते. शिरेतून दिलेलं फोटोफ्रिन अंगभर पसरतं, दिवा लावतात तो ४०-५० तासांनी, आणि पुढे निदान ३० दिवस उन्हापासून जपावं लागतं. हे हलक्यानं घेऊ नये. फ्रीडरिश मायर-बेट्झ ह्या जर्मन डॉक्टरांनी १९१२ साली स्वतःला २०० मिलिग्रॅम हिमॅटोपोर्फिरिन, असंच प्रकाशानं जागं होणारं एक द्रव्य, टोचून घेतलं आणि उन्हात गेले. चेहरा-हात भयंकर सुजले आणि दोन महिने उजेड सोसवेना. इंदूरच्या एप्रिलमध्ये दुपारच्या बारीक कामालाही बाहेर पडावं लागतं, म्हणून घरच्यांनी आधीच बाजारहाट आपल्याकडे घ्यावी.

दुसरा, दुखेल का? दादाला दिव्याखाली मिरची लागल्यासारखी आग झाली, पाण्याचा फवारा मारल्यावर बरं वाटलं. आग झाली म्हणजे भाजलं असं नव्हे. जिथे औषध साचलं तिथल्या मज्जातंतूंनाही ह्या माऱ्याची झळ लागते.

तिसरा, दिवा मोठा करून वेळ कमी का करत नाहीत? हा प्रश्न दादाचाच. प्रकाश फार जोरात मारला तर पेशीतला ऑक्सिजन रक्तातून परत येण्याआधीच संपतो, आणि ऑक्सिजन संपला की औषधाला चेतवायला काही उरत नाही. म्हणून प्रकाश बेतानं, आणि काही ठिकाणी मध्ये थांबून थांबून देतात.

आणि एक विनंती. पालकाचा रस पिऊन उन्हात बसणं, घरी लाल बल्ब लावणं, असले उपाय कुणी सुचवले तर तिथल्या तिथे थांबवा. गाठीवरची शस्त्रक्रिया त्यापायी लांबणीवर टाकली, तर गेलेला वेळ परत येत नाही.

शेवटी पेशीच्या बाहेर

त्या संध्याकाळी मी तंतुकणिकेवर नाणं ठेवून फोटो काढला आणि दादाला पाठवला. त्यानं लगेच व्हिडिओ कॉल लावला. डाग दुसऱ्या वेळेनंतर खपली धरून गुलाबी झाला होता. मी गच्चीवरून फोन फिरवला. त्यानं सगळी पेशी बघितली, नाणं बघितलं आणि विचारलं, "माझं इथेच ना?" मी केशरीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आणि ही पेशी जगते कशावर? हिला रक्त कुठून येतं?"

ते आम्ही काढलंच नव्हतं. गाठीच्या रक्तवाहिन्यांची अस्तरं ह्या माऱ्यात मोडतात, आत गुठळ्या होतात, रक्त थांबतं आणि ज्या पेशींपर्यंत नाणं पोहोचलं नाही त्याही उपाशी मरतात. युरोपात २०१७ साली प्रोस्टेटच्या कमी धोक्याच्या कर्करोगासाठी मान्य झालेलं पाडेलीपोर्फिन तर रक्तातच राहतं आणि मुख्यतः एवढंच काम करतं. मुली पुन्हा खाली बसल्या. वर्तुळाच्या बाहेर, कठड्याच्या कडेनं, दोन लाल रेघांची वाहिनी काढायला घेतली, मध्ये गुठळी आणि तिच्याकडे येणाऱ्या रक्षक पेशी. दादा फोनवर थांबून बघत होता. लाल रांगोळी अर्ध्यावर संपली. धाकटी खाली पळाली, देवघरातला करंडा घेऊन आली, आणि वाहिनीचं उरलेलं टोक आम्ही कुंकवानं भरलं.